माळ, माळा आणि मचाण

शिकारीच्या जुन्या पुस्तकांत एक पान हमखास असते. जनावर अजून दिसलेले नसते. लेखक गावात पोचलेला असतो, खबर मिळालेली असते, आणि आता बसायचे कुठे याचा खल सुरू होतो. झाड कोणते घ्यावे, ते वाटेपासून किती लांब असावे, वारा कुठून वाहतो, चांदणे केव्हा पडेल, फांद्या किती छाटाव्यात, बैठक जमिनीपासून किती हात उंच बांधावी. कथेच्या ओढीने वाचक हे पान भराभर उलटतो, कारण त्याला पुढची डरकाळी ऐकायची असते. मी गेली काही वर्षे नेमके तेच पान थांबून वाचत आले आहे. लेखक गोळी कशी झाडतो यापेक्षा तो बसतो कुठे, ती जागा बांधतो कोण आणि तिथून त्याला काय दिसत नाही, यांवरून ते पुस्तक अधिक कळते, असे माझे मत झाले आहे.

हरणाच्या शिकारीसाठी हलवता येईल असे मचाण कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता अवजारांच्या दुकानातला आहे. पण तो नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या जमिनीवर उभा करून विचारला की वेगळाच होतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे दाट रान आहे. दक्षिणेला कर्जत-श्रीगोंद्याकडे मैलोन्‌मैल उघडा माळ. पुस्तकातले मचाण एका भागात कसेबसे बसते आणि दुसऱ्या भागात अजिबात बसत नाही. हरणाची शिकार आज कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हा लेख मचाण विकत घ्यायला निघालेल्यासाठी नाही. मचाण नावाच्या कल्पनेने आपल्या वाचनावर जी पकड बसवली आहे, तिची ही समीक्षा आहे.

एक आकार, दोन वस्तू

संस्कृतातल्या ‘मंच’ या शब्दाचा गोतावळा मराठीत मोठा आहे. निजायचा माचा त्यातलाच, किल्ल्याची माचीही त्यातलीच. ‘मचाण’ त्याच घरातला शब्द, पण त्याचे सख्खे नाते हिंदीतल्या ‘मचान’शी. तो उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मध्य भारतातली साग-सालाची जंगले उभी राहतात. आमच्या भागात शेतात चार मेढी रोवून उभारलेल्या बैठकीला माळा म्हणतात. घरातला अडगळीचा माळा आणि शेतातला राखणीचा माळा, शब्द एकच.

दुरून पाहिले तर मचाण आणि माळा यांत फरक दिसत नाही. दोन्ही उंचावर, दोन्ही लाकडाचे, दोन्हींवर एखादे माणूस तासन्‌तास बसलेले. फरक आहे तो बसण्याच्या हेतूत. मचाणावरचा माणूस लपायला बसतो. त्याने खोकायचे नाही, विडी पेटवायची नाही, कूस बदलायची नाही. माळ्यावरचे माणूस दिसायला आणि ऐकू जायला बसते. ते ओरडते, पत्र्याचा डबा बडवते, गोफण फिरवते. मचाणाचे यश जनावर जवळ येण्यात, माळ्याचे यश ते लांब राहण्यात. सांगाडा तोच, काम उलटे. आपल्या साहित्याने यांतली एक वस्तू उचलली आणि दुसरी शेतातच राहू दिली.

पुस्तकातले मचाण

मराठी वाचकाला मचाण शिकवले ते प्रामुख्याने जिम कॉर्बेटने. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली आले, आणि पुढे त्याची पुस्तके मराठीत अनुवादित होऊन घरोघरी पोचली. कॉर्बेट मचाणाच्या बाबतीत जितका प्रामाणिक आहे तितके फार थोडे लेखक आहेत. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी तो अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या बुरुजावर वीस रात्री बसला. झाड नव्हते, पण वाट तिथूनच ओलांडली जाणार होती, म्हणून बुरूज हेच मचाण. त्या रात्रींत बिबट्या आलाच नाही. बोचरा वारा आणि अंगावर चढणाऱ्या मुंग्या यांचे वर्णन तो करतो, तेव्हा मचाण हे सिंहासन नाही, ती शिक्षा आहे, हे कळते. अखेर गुलाबराय इथल्या आंब्याच्या झाडावरून २ मे १९२६ च्या रात्री त्याने तो बिबट्या मारला.

बंगळूरचा केनेथ अँडरसन हा या परंपरेतला दुसरा मोठा लेखक. त्याचे पहिले पुस्तक १९५४ चे. त्याच्या कथांत दोरीची खाट झाडावर चढवून तिचेच मचाण होते. हलवता येण्याजोग्या मचाणाचा हा आपल्याकडचा सर्वांत सोपा नमुना. खाट हलकी, गावात कुठेही मिळणारी, दोरीची वीण असल्यामुळे न करकरणारी, आणि अंगाला रुतत नाही म्हणून रात्रभर बसता येणारी. कुठल्याही कारखान्याने याहून शहाणी बैठक काढली असेल असे मला वाटत नाही.

या पानांत चांगल्या मचाणाच्या कसोट्या विखुरलेल्या आहेत. त्या एकत्र केल्या तर अशा होतात : वारा जनावराकडून माणसाकडे यावा, पाठीमागे खोड किंवा झाडोरा असावा, म्हणजे आकाशावर आकृती उमटत नाही, छाटलेल्या फांद्यांची पाने कोमेजण्याच्या आत काम व्हावे, कारण सुकलेले पान परके दिसते, बांधकाम दुपारी उरकावे, आणि उंची बेताची असावी. फार उंच गेले की गोळीचा कोन बिघडतो, फार खाली राहिले की वास पोचतो. व्यवहारज्ञान म्हणून हे उत्तम आहे.

पण या पानांचे व्याकरण पाहिले की एक गोष्ट खटकते. मचाण नेहमी ‘बांधलेले असते’, ‘तयार ठेवलेले असते’. कर्ता गायब. दुपारच्या उन्हात झाडावर चढून, फांद्या तोडून, खाट वर ओढून ती बांधणारी माणसे एका वाक्यात येतात आणि गावाकडे परततात. परततात ती पायी, त्याच वाटेने, अंधार पडायच्या सुमाराला. उंचावर बसलेल्याच्या धैर्याचे वर्णन पानभर, खालून चालत गेलेल्यांचे अर्ध्या ओळीत. कॉर्बेटला याची जाण होती. ‘माय इंडिया’ हे १९५२ चे पुस्तक त्याने हिंदुस्थानातल्या गरीब मित्रांना अर्पण केले, आणि गावकऱ्यांचे शौर्य तो मोकळ्या मनाने सांगतो. त्याच्या मागून आलेल्या बहुतेक शिकारकथांनी मात्र त्याचे मचाण घेतले आणि ही जाण तिथेच सोडली. म्हणून शिकारीच्या पुस्तकाला मी पहिली कसोटी लावते ती ही : मचाण कोणी बांधले हे लेखकाला ठाऊक आहे का?

दुसरी कसोटी जागेची. मराठीतले रानाचे मोठे लेखक कुठे गेले ते पाहा. माणदेशाच्या उजाड माळावरची माणसे ‘बनगरवाडी’त (१९५५) आणणारे व्यंकटेश माडगूळकर रान पाहायला गेले ते विदर्भात, आणि ‘नागझिरा’ लिहिले ते त्या मुक्कामावर. गेल्या वर्षी, १८ जून २०२५ रोजी, निवर्तलेले मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. त्यांचेही लेखन बहरले ते नवेगावसारख्या पूर्वेकडच्या जंगलांत. या दोघांनी मचाणावरची बंदूक काढून तिथे डोळे आणि वही ठेवली, हा मराठी साहित्यातला फार मोठा पालट आहे. मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. नोंदवायचे एवढेच की ‘रान’ म्हणजे झाडांचे रान हा समज त्यांच्यामुळे आणखी पक्का झाला. माळ हेही रान आहे, आणि तिथे बसण्याच्या, पाहण्याच्या, मारण्याच्या वेगळ्या रीती होत्या, त्यांचे पुस्तक आपल्याकडे झाले नाही.

जिथे झाडच नाही

मराठीत आपण सरसकट ‘हरीण’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कुळे आहेत. सांबर, चितळ, भेकर ही सारंगे. त्यांची शिंगे दरवर्षी गळतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगे गळत नाहीत. मचाणाच्या पुस्तकातले हरीण बहुतेक सारंग असते. ते झाडीत राहते, संध्याकाळी दबकत बाहेर येते, ठरलेल्या वाटेने पाण्यावर जाते. अशा जनावरासाठी झाडावर बसून वाट पाहण्याला अर्थ आहे. नगर जिल्ह्यात ते शक्य आहे फक्त अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिथे १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. तिथल्या झाडीत भेकर आहे.

जिल्ह्याचे खरे हरीण मात्र काळवीट. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला १९८० मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, एखाद्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान. काळवीट कळपाने उघड्यावर चरते, दिवसा चरते, आणि त्याचा भरवसा नजरेवर आणि पायांवर असतो. लांबूनच माणूस हेरायचा आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगाने निघून जायचे, ही त्याची रीत. अशा प्राण्यासाठी मचाण बांधायचे तर झाड हवे, आणि माळावर झाड म्हणजे एखादी बाभूळ किंवा हिवर, तीही चार कोसांवरून दिसणारी. तिच्यावर चढलेला माणूस लपत नाही. तो झेंड्यासारखा दिसतो.

मग माळावर बसायचे कशावर? दख्खनच्या जुन्या चित्रांत चांदबिबी घोड्यावर स्वार होऊन हातावर ससाणा घेऊन निघालेली दिसते. ही चित्रे तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७०० च्या आसपास काढलेली. त्यांना छायाचित्राचा पुरावा मानता येणार नाही. पण ‘नगरच्या राणीची शिकार’ म्हटल्यावर चित्रकाराला घोडा आणि मोकळे मैदान सुचले, मचाण सुचले नाही, हे बोलके आहे.

काळविटाच्या शिकारीतली सर्वांत हुशार बैठक होती बैलगाडी. शेताच्या वाटांवरून रोज जाणाऱ्या गाडीला कळप भीत नसे. म्हणून डोळ्यांवर टोपी चढवलेला पाळीव चित्ता गाडीवर बसवून कळपाच्या जवळ नेत, आणि अंतर पुरेसे कमी झाले की टोपी काढून सोडत. कोल्हापूर दरबारात ही प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणून ती चालवली गेली. भारतातले शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात मारले गेले आणि १९५२ मध्ये हा प्राणी इथून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. गाडी हे माळावरचे फिरते मचाणच होते. ते उंच नव्हते, लपलेले नव्हते; ते ओळखीचे होते. जनावराच्या नजरेआड होण्याऐवजी त्याच्या सवयीत मिसळणे, ही माळाने शिकवलेली युक्ती.

हीच युक्ती पारध्यांनी आणखी सूक्ष्म केली होती. शिकवलेला बैल किंवा गाय चरत चरत कळपाकडे जाई, आणि तिच्या आडून पारधी. फासेपारध्यांचे नावच फाशावरून पडले. कळपाच्या वाटेवर जमिनीलगत फासे मांडायचे आणि कळप तिकडे वळवायचा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात पारध्यांच्या या पद्धती नोंदलेल्या आहेत. या शिकारीला बैठक लागत नाही. लागते ते जनावराच्या चालण्याचे, थबकण्याचे, दचकण्याचे ज्ञान.

इथे साहित्याचा आणि इतिहासाचा न्याय किती विषम झाला ते पाहिले पाहिजे. मचाणावर बसलेला साहेब ‘शिकारी’ ठरला आणि त्याच्या आठवणी ग्रंथालयात गेल्या. जमिनीवर गुडघे टेकून फासा मांडणारा पारधी १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत ‘गुन्हेगार’ ठरला, आणि तो शिक्का कायद्यातून १९५२ मध्ये निघाला तरी लोकांच्या मनातून निघालेला नाही. दोघेही हरीणच मारत होते. एक चैन म्हणून, दुसरा पोटासाठी. पारध्याच्या पद्धतीचे मी गोडवे गात नाही; फाशात अडकलेल्या जनावराचे हाल भयंकर असतात. पण ज्ञान म्हणून मोजायचे तर काळविटाविषयी पारध्याला जे ठाऊक होते त्याच्या तुलनेत मचाणावरचे ज्ञान हे एका झाडाभोवतीच्या दोनशे पावलांचे होते. आपण वाचले ते नेमके दोनशे पावलांचे साहित्य.

कायद्याने काय पाहिले

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. मूळ कायद्यात परवान्यावर काही शिकारीला वाव होता. पण त्याच्या सतराव्या कलमाने परवानाधारकालाही काही रीती बंद केल्या होत्या : सूर्यास्तानंतरची शिकार, पाणवठ्यावर किंवा चाटणावर बसून केलेली शिकार, चाकांच्या वाहनावरून केलेली शिकार, कृत्रिम प्रकाशात केलेली शिकार, आणि जाळी किंवा फासे लावून केलेली शिकार. म्हणजे रात्रीचे मचाण गेले, पाणवठ्यावरचे मचाण गेले, गाडी गेली आणि फासेही गेले. कायदा लिहिणाऱ्यांना हरीण कुठे बेसावध असते ते नीट ठाऊक होते. तहानलेल्या जनावराला पाण्यावर गाठणे जुने जाणते शिकारीही कमीपणाचे मानत. कायद्याने त्या संकोचाला कलमाचे रूप दिले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली, तेव्हा या कलमाची गरजही उरली नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

मचाण मात्र संपले नाही. वैशाखी पौर्णिमेला राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणे बांधली जातात आणि निसर्गप्रेमी रात्रभर प्राणी मोजत बसतात. शिकारीची ती सगळी पथ्ये, वारा, शांतता, कोमेजणारी पाने, इथेही पाळली जातात. बंदुकीच्या जागी तक्ता आला, पण पाहण्याची रीत तीच राहिली. एका झाडावरून एका पाण्याकडे पाहणे. त्या रात्रीचा अनुभव सुंदर असतो यात शंका नाही. मोजणी म्हणून त्याला मर्यादा आहेत, आणि ती मर्यादा नगर जिल्ह्यानेच दाखवून दिली.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले खोऱ्यातल्या शेतीच्या, माणसांनी गजबजलेल्या भागात आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे, तेही अभयारण्याबाहेर, उसाच्या आणि वस्त्यांच्या मध्ये. त्यांच्या खाण्यातला सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आणि त्यात कुत्र्यांचा वाटा मोठा, हेही पुढे निघाले. हे ज्ञान कुठल्याही झाडावरून मिळाले नसते. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर होता, पायवाटेच्या कडेला, जिथून साहेबाचे मचाण बांधणारी माणसे पायी परतत असत. पाहण्याची जागा खाली उतरली आणि रानाची व्याख्याच बदलली.

ज्याचे साहित्य झाले नाही

आता माळ्याकडे येऊ. कर्जत-जामखेडच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी निसवली, दाणा दुधात आला, की पाखरांचे थवे उतरतात. तेव्हा चार मेढी, वर आडवी लाकडे, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाटी आणि माथ्यावर कडब्याचा आडोसा, असा माळा उभा राहतो. त्याला सुतार लागत नाही. घरातली माणसे अर्ध्या दिवसात उभारतात, आणि सुगी संपली की मोडून लाकूड चुलीला किंवा गोठ्याला लावतात. हलवता येणे, मोडता येणे आणि दुसऱ्या कामाला येणे, या तिन्ही बाबतीत तो खाटेच्या मचाणाच्या तोडीचा आहे. दिवसा त्यावर बहुधा बायका आणि पोरे, रात्री पुरुष.

या बैठकीला एके काळी साहित्य होते. ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातल्या संग्रहात शेत राखणाऱ्या मुली पुन्हा पुन्हा येतात, तशीच व्याधांची घरेही येतात. तिचे नाव ज्या हाल सातवाहनाशी जोडले जाते त्याची राजधानी पैठण, म्हणजे आमच्या शेवगाव तालुक्याच्या पलीकडे, गोदावरीच्या काठी. त्या गाथांत राखण करणारी ही कथेची मुख्य व्यक्ती आहे. तिला डोळे आहेत, मन आहे, वाटसरूशी बोलायची हिंमत आहे. पुढे कुठेतरी आपण तिला उंचावरून खाली उतरवले आणि तिच्या जागी बंदूकवाला बसवला. आधुनिक मराठी गद्यात माळा येतो तो हुरड्याच्या गमतीत किंवा ग्रामीण प्रेमकथेत, पार्श्वभूमी म्हणून. त्यावर बसणे हे काम आहे, त्यात जोखीम आहे, त्याचे एक कसब आहे, असे मानून लिहिलेले पान मला सापडत नाही.

आणि ही जोखीम खरी आहे. रेहेकुरीच्या आसपासच्या गावांत हरणांचे कळप रात्री पिकात उतरतात. हरणाला मारता येत नाही, मारू नयेच. मग उरते ती राखण. दुसरीकडे अकोले, संगमनेर, राहुरीच्या बागायतीत उसात बिबट्या वाढला आहे. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने रात्री येत राहिली, त्यामुळे माणूस रात्री शेतात असणे ही सक्ती झाली. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना जिथे पोचली तिथे हा प्रश्न थोडा हलका झाला. पण राखण सुटलेली नाही. पाण्यासाठी नाही तर पिकासाठी, कोणीतरी रात्री बाहेर आहेच. त्याच्या बैठकीची उंची, कठडा, शिडी यांचा विचार कोणत्या पुस्तकात आहे?

दुकानातले मचाण आणि एक पट्टा

असा विचार एका अनपेक्षित ठिकाणी सापडतो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायदेशीर आहे, हंगाम ठरलेला आहे, आणि तिथे हलवता येणाऱ्या मचाणांचा मोठा बाजार आहे. त्यात मुख्य प्रकार चार. खोडाला पट्ट्याने आवळायचे छोटे आसन. खोडावर सुरवंटासारखे सरकत वर नेता येणारे दुहेरी आसन. शिडीला जोडलेले आसन. आणि झाडाची गरजच नसलेले तीन पायांचे स्वतंत्र मचाण. पहिल्या दोन प्रकारांचे वजन साधारण पाच ते दहा किलो भरते आणि माणूस ते पाठीवर घेऊन जातो. बहुतेक आसने तीनशे पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो वजनाला तोलतील अशी बनवलेली असतात.

या मचाणांच्या माहितीपत्रकांत मला शिकारीपेक्षा दुसरेच काही वाचनीय वाटले. पानोपानी पडण्याविषयीचे इशारे आहेत. जमीन सोडण्यापूर्वी सर्वांगाला पट्टा बांधा आणि तो दोरीने खोडाला जोडा. कमरेचा नुसता पट्टा चालणार नाही, कारण पडल्यावर तो छाती-पोट आवळतो. चढताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, सतत आधारावर असू द्या. हातात काही घेऊन चढू नका; सामान मागून दोरीने वर ओढा. अपघात होतात ते मुख्यतः चढता-उतरताना आणि शिडीवरून आसनावर पाय टाकताना, हे तिथल्या प्रत्येक शिकारी-शिक्षणात सांगतात. कॉर्बेटच्या पुस्तकातही इतकी काळजी नाही. आपल्या मचाण-साहित्यात वाघ माणसाला मारतो; फांदी मारत नाही. प्रत्यक्षात उंचावरून पडणे हा मचाणावरचा सर्वांत साधा आणि सर्वांत खरा धोका आहे.

म्हणून निवडायचेच तर मी असे निवडेन. झाडावर चढणारी आसने माळासाठी निरुपयोगी. माळाला स्वतःच्या पायांवर उभे राहणारे, दोन माणसांना उचलून बांधाबांधाने नेता येणारे मचाण हवे. त्यावर रानात मिसळणारे रंग नकोत. राखणदार दिसला पाहिजे, म्हणून माथ्यावर दिवा आणि पांढरे कापड हवे. चारी बाजूंनी कठडा हवा, घट्ट बसणारी शिडी हवी, आणि अंगाला बांधायचा तो पट्टा हवा. गोफण, पाण्याची बाटली, बॅटरी दोरीने वर ओढावी. शिकाऱ्याच्या बाजाराकडून घ्यायचे ते एवढेच. लपण्याची सगळी विद्या तिथेच राहू द्यावी.

साहित्याकडूनही माझे मागणे यापेक्षा मोठे नाही. शिकारकथा वाचायच्या थांबवाव्यात असे मी म्हणत नाही. कॉर्बेटचा पूल आणि अँडरसनची खाट मला अजूनही आवडतात. पण मचाणावरून लिहिलेले प्रत्येक पान वाचताना खाली पाहायची सवय लागली पाहिजे. बांधणारा कोण, चालत परतला कोण, फासा मांडणाऱ्याला काय ठाऊक होते, आणि शेजारच्या शेतात त्याच रात्री कोण जागे होते. यंदाच्या सुगीतही मालदांडी निसवेल, कुठेतरी चार मेढी रोवल्या जातील आणि एखादी बाई किंवा पोर वर चढेल. तिथून त्यांना काय दिसते ते मराठीत लिहिले जायचे आहे.